समितीबाहेर

वनस्पतिशास्त्र विभागात एक जागा भरायची होती आणि ती भरणाऱ्या समितीच्या अध्यक्ष विभागप्रमुख बाई होत्या. सगळं कॉलेज त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचं. बाकीच्या बायकांना मॅडम, आणि बाई म्हणजे एकच.

ही जागा मिळवायला बाईंनी प्राचार्यांच्या दारात चपला झिजवल्या होत्या. ती मंजूर झाल्यावर त्यांनी आधी नियम घालून दिले. निकष आधी ठरवायचे, अर्ज मग उघडायचे. प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न, त्याच क्रमाने. घरचं, लग्नाचं, मुलाबाळांचं अवाक्षर काढायचं नाही. मुलाखत संपली की प्रत्येकाने आपले गुण लिहायचे आणि त्यानंतरच तोंड उघडायचं. उमेदवाराशी नातं असेल तर आधी लेखी सांगायचं.

प्राणीशास्त्राचे प्रमुख शेजारच्याच खोलीत बसायचे. तोंडाने सैल, मनाने बरा माणूस. नियमांचा कागद वाचून ते म्हणाले, “बाई, तुम्ही माणूस निवडताय की ऑपरेशन करताय?”

“दोन्हीकडे हात धुऊनच आत जायचं असतं,” बाई म्हणाल्या.

अर्ज आले. बाई दुपारी आपल्या खोलीत दार लोटून ते वाचत बसल्या. बरेचसे अर्ज नुसतेच जाड होते. एक तरुण शिक्षक बरा वाटला. लहान गावातल्या कॉलेजात शिकवत होता आणि प्रयोगशाळा नसताना मुलांकडून प्रयोग कसे करून घेतले ते त्याने साध्या भाषेत लिहिलं होतं. बाईंनी त्याच्यावर बरोबरची खूण केली आणि पुढचा अर्ज उचलला. वरच्या कोपऱ्यातला फोटो बघून त्यांचा हात तसाच राहिला.

फोटो त्यांच्या सुनेचा होता. सुनेचा म्हणजे, जी एके काळी त्यांची सून होती तिचा. आडनाव आता माहेरचं होतं.

लग्न होऊन ती घरात आली तेव्हा तिचं शिक्षण चालूच होतं. तिचा विषय शेवाळ. ओल्या भिंती, पाण्याच्या टाकीचा तळ, नळाखालची फरशी, जिथे बाकीच्यांना घाण दिसायची तिथे ही गुडघ्यावर बसून भिंग लावायची. न्हाणीघराच्या मागची भिंत घासायला तिने घरात सगळ्यांना बंदी केली होती. सासऱ्यांनी तिचं नाव ठेवलं ‘शेवाळबाई’, आणि तेच पडलं. “शेवाळबाई, आज कुठली भिंत?” असं विचारल्याशिवाय त्यांचा सकाळचा चहा व्हायचा नाही. बाईंना तर घरात बोलायला माणूस मिळालं होतं. दोघी स्वयंपाकघरात कामं करता करता पानांच्या पेशींवर बोलत बसायच्या आणि दूध उतू जायचं.

मग मुलाचं त्याच्या कचेरीतल्या एका मुलीवर मन बसलं. त्याने खोटं बोलून दिवस काढले नाहीत, सरळ सांगितलं. पण सरळ सांगितल्याने घाव काही उथळ होत नाही. शेवाळबाईने आरडाओरडा केला नाही. तिने पुस्तकं खोक्यांत भरली. बाईंनी खोकी बांधायला मदत केली, टेम्पोपर्यंत पोचवली. निघताना ती म्हणाली, “आई, एक मागते. फोन करू नका. तुमचा आवाज आला की मला ते स्वयंपाकघर दिसतं, आणि मग माझा अख्खा दिवस जातो.”

बाईंनी फोन केला नाही. मुलाने दुसरं लग्न केलं, त्याला मुलगी झाली. शेवाळबाईचं काय चाललंय ते बाईंना कुणाकुणाकडून कळायचं: डॉक्टरेट झाली, कुठेतरी तासांवर शिकवते, पक्की नोकरी नाही.

आता तिचा अर्ज हातात होता, आणि तो चांगला होता. नुसता चांगला नव्हे, समोरच्या ढिगातला सगळ्यात चांगला.

संध्याकाळी बाईंनी घरी सांगितलं. घर कॉलेजच्या आवारातच होतं, शिक्षकांच्या वसाहतीत, खालच्या मजल्यावर. नवरा पेपर वाचत होता. त्याने पेपर गुडघ्यावर ठेवला.

“मग?” तो म्हणाला. “आता ती आपली कोण?”

“तेच कळत नाहीये.”

“कळायचंय काय त्यात? नातं कोर्टात मोडलं. तू तुझं काम कर.” थोडं थांबून तो म्हणाला, “बरी आहे का ती? फोटोत कशी दिसते?”

“वाळलीय.”

त्याने पेपर पुन्हा तोंडासमोर धरला, पण बराच वेळ पान उलटलं नाही.

मुलाला कुणी सांगितलं कोण जाणे, बहुधा वडिलांनीच. त्याचा फोन आला. “आई, मी ऐकलं ते खरं का?”

“अर्ज आलाय. बाकी मी काही बोलणार नाही, बोलायचं नसतं.”

“तिला घेतलं तर तिला आवारातच घर मिळेल. समोरच्या इमारतीत. मी सुट्टीत बायको-मुलीला घेऊन येणार, आणि रोज सकाळी ती समोर? माझ्या बायकोने काय करायचं? तिने काय करायचं?”

“ते तुम्ही तिघं बघा.”

“आई, तू समितीत आहेस.”

“म्हणून?”

“म्हणून बघ की जरा,” तो म्हणाला. त्याचा आवाज लहानपणी खोडी केल्यावर व्हायचा तसा झाला होता. “मी तिचं वाईट चिंतत नाही. तिला दुसरीकडे कुठेही मिळू दे. फक्त इथे नको.”

बाईंनी फोन ठेवला. मुलगा चुकीचं मागत होता हे तर उघड होतं. पण त्यांच्या मनात त्याच्या उलट जे होतं तेही काही सोवळं नव्हतं. ती यावी असं त्यांना वाटत होतं. शेजारच्या टेबलाशी ती बसलीय, खिडकीतल्या उजेडात काचपट्टी धरून बघतेय, हे चित्र अर्ज वाचल्यापासून त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर. ती निवडली गेली तर लोक म्हणणार, घरचीच बसवली. नाही निवडली गेली तर म्हणणार, सूड उगवला. आणि लोक गेले खड्ड्यात, पण आपल्या हाताने दिलेल्या गुणांवर आपलाच विश्वास बसेल का?

दुसऱ्या दिवशी त्या प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्य भला माणूस, पण भांडणाला भिणारा. कुठल्याही प्रश्नावर त्याचं पहिलं उत्तर चहा.

“माजी सून,” त्यांनी शब्द चघळून बघितला. मग नियमांचा कागद काढला. “यात तुम्हीच लिहिलंय: नवरा, बायको, मुलं, भावंडं, सून, जावई. माजी नाही लिहिलेलं.”

“सुचलं नव्हतं.”

“मग झालं! कागदाप्रमाणे नातं नाही. बसा तुम्ही. हवं तर तिला गुण देऊ नका, बाकीच्यांना द्या.”

“म्हणजे ताटावर बसायचं आणि एका वाटीला हात लावायचा नाही. बाकीच्यांना मी किती देते त्यावरच तिचं ठरणार ना?”

“बाई, तुम्ही उठलात तर विषय कळणारा बाहेरून येणारा एकच तज्ज्ञ उरतो. तुमच्या जागी मी कुणाला बसवू? प्राणीशास्त्रवाल्यांना?”

“त्यांना नियम नीट वाचून दाखवा आणि बसवा.”

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला, पण हो म्हणाले. निवेदनाच्या कागदावर नातं लिहायला रकाना होता. बाई पेन धरून थोडा वेळ थांबल्या. ‘माजी सून’ लिहायला त्यांचा हात वळेना. त्यांनी ‘सून’ लिहिलं आणि सही केली.

मुलाखतीच्या दिवशी उमेदवारांनी वर्गात एक नमुना तास घ्यायचा आणि मग समितीसमोर बसायचं, असं होतं. बाई प्रयोगशाळेत थांबल्या होत्या. भांडी विसळलेली होती ती पुन्हा विसळत होत्या. दारात पावलं वाजली. शेवाळबाई उभी होती, हातात काचपट्ट्यांची पेटी.

“इथे एक सूक्ष्मदर्शक मिळेल असं ऑफिसात सांगितलं,” ती म्हणाली. मग तिने बाईंना नीट पाहिलं. “तुम्ही आत नाही? समितीत?”

“नाही. नातं आहे म्हणून उठले.”

“कुणाशी?”

बाईंनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. ते उत्तर तिला पोचायला क्षण गेला. मग ती म्हणाली, “मी अर्ज करताना दहादा विचार केला होता. म्हटलं, आत निदान एक माणूस असं असेल की ज्याला मी काय करते ते खरंच कळतं. बाकी काही नको होतं मला. ओळख नको, दया नको. नुसतं कळणारं माणूस.”

“तज्ज्ञ चांगले आहेत. त्यांना कळेल.”

“हो,” ती म्हणाली. बाईंनी कपाटातला सगळ्यात चांगला सूक्ष्मदर्शक काढून तिच्या हातात दिला आणि लगेच त्यांच्या मनात आलं, बाकीच्यांना कुठला दिला होता? त्या धावत कारकुनाकडे गेल्या आणि सगळ्यांना हाच द्या म्हणून सांगून आल्या. परत येईपर्यंत ती गेली होती.

त्या दिवशी बाई लवकर घरी गेल्या. निकाल दुसऱ्या दिवशी कळला. तरुण शिक्षकाची निवड झाली होती. बाईंनी स्वतःला बजावलं की हे होऊ शकतं, तो मुलगाही चांगला आहे, आणि त्या आपल्या तासाला गेल्या. तास संपवून बाहेर आल्या तर प्राणीशास्त्राचे प्रमुख व्हरांड्यात वाट बघत होते, चेहरा पाडून.

“बाई, वाईट वाटलं हो मला. मी तर पोरीला मोकळं वाटावं म्हणून किती प्रयत्न केला.”

“काय प्रयत्न केला?”

“अहो, घाबरलेली वाटली. म्हटलं जरा घरचं बोलावं. म्हटलं, तुम्ही तर आमच्या बाईंच्या सूनबाई, हे आवार काही तुम्हाला नवं नाही. एवढं सगळं झाल्यावर पुन्हा इथेच राहायला जड नाही ना जाणार? एवढंच! प्रेमाने विचारलं हो. बिचारीने पाणी मागितलं. त्यानंतर काही तिची गाडी रुळावर आली नाही.”

“प्राचार्य काय म्हणाले?”

“काही नाही. चहा मागवला.”

“आणि तज्ज्ञ?”

“ते रागावले. मला म्हणाले, हे विचारायचं नव्हतं. मग मी माफी मागितली की. विषय संपला.”

या माणसाला ओरडावं तर समोर नुसतं भलेपण उभं होतं, मोठ्या डोळ्यांनी बघत. त्याने दगड मारला असता तर परतवता आला असता. त्याने प्रेमाने विचारलं होतं.

आता काय करायचं हे बाईंना ठाऊक होतं, म्हणूनच त्यांना झोप येईना. नियम मोडला होता. विभागप्रमुख म्हणून त्यांनी लेखी तक्रार केली की निवड रद्द होणार. पण निवडलेल्या मुलाचा त्यात काय दोष? त्याने आनंदाने घरी कळवलं असेल. आणि तक्रार करणार कोण, तर जिने नातं लिहून दिलं तीच. नवरा म्हणाला, “हात दाखवून अवलक्षण कशाला? तू बाहेर पडलीस ना? मग बाहेरच राहा.”

बाई शेवाळबाईला विचारायला गेल्या. न कळवता. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एका छोट्या कॉलेजात तासांवर शिकवत होती; शिक्षकांच्या खोलीत तिला खुर्चीही नव्हती, म्हणून दोन तासांच्या मधल्या वेळात ती जिन्याखालच्या बाकावर डबा खायची. बाई तिथेच तिच्या शेजारी बसल्या.

“मला कळलं आत काय विचारलं ते,” बाई म्हणाल्या.

तिने डब्याचं झाकण लावलं. “त्यांनी वाईट हेतूने नाही विचारलं.”

“ते मला नको सांगूस. त्यांचा हेतू मी अनेक वर्षं ओळखते.”

“मी उत्तर द्यायला हवं होतं, आई.” तो शब्द तिच्या तोंडून सवयीने गेला; तिने तो मागे घेतला नाही. “साधं होतं. म्हणायचं, नाही जाणार जड, पुढचा प्रश्न विचारा. पण मला एकदम वाटलं, मी इतकी वर्षं भिंतींवरून जे खरवडून गोळा केलं ते सगळं यांना दिसतच नाही. यांना दिसतेय ती टाकलेली बाई. मग पुढचं काही आठवेना. माझाच विषय मला आठवेना.”

वरून मुलं धडधडत जिना उतरून गेली.

“मी तक्रार करणार आहे,” बाई म्हणाल्या. “तुला विचारल्याशिवाय करायची नव्हती.”

“माझ्यासाठी?”

बाईंना लगेच ‘हो’ म्हणता आलं नाही आणि ‘नाही’ म्हणणं खोटं झालं असतं.

“माझ्यासाठी करू नका,” शेवाळबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण धार होती. “तुमच्या मुलाने जे केलं त्याची भरपाई म्हणून मला नोकरी नको. घराने घराबाहेर काढलं आणि घरानेच कामाला लावलं, असं आयुष्य मला नकोय. तुम्हाला ते चुकीचं वाटत असेल तर तुमच्या नावाने करा. माझ्या जागी कुणी परकी असती तरी केली असतीत का?”

“केली असती,” बाई म्हणाल्या. मग खरं बोलायचं म्हणून पुढे म्हणाल्या, “रात्रभर जागले नसते एवढंच.”

शेवाळबाईला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. “घंटा झाली,” ती म्हणाली आणि वर्गात गेली.

बाईंनी तक्रार केली. प्राचार्य म्हणाले, “बाई, आपलेच दात, आपलेच ओठ.” पण कागद हातात आल्यावर त्यांना गप्प बसता येईना. तज्ज्ञांना विचारलं, त्यांनी तेच सांगितलं. प्राणीशास्त्राच्या प्रमुखांना विचारलं तेव्हा त्यांना नाकारता आलं असतं. त्यांनी नाकारलं नाही. “हो, मी विचारलं,” असं लिहून दिलं. पण त्या दिवसापासून त्यांनी बाईंशी बोलणं सोडलं. सकाळी व्हरांड्यात समोरासमोर आले की ते खिशातून चष्मा काढून पुसायला लागायचे. कॉलेजात कुजबूज व्हायची ती झालीच. बाईंनी आपल्या सुनेसाठी एका गरीब मुलाच्या तोंडचा घास काढला, असं एक जण बाईंना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात बोलला.

सगळ्यात जड तो मुलाचा फोन होता. “माझी एक गोष्ट ऐकली नाहीस,” तो म्हणाला, “आणि तिच्यासाठी सगळ्या कॉलेजशी भांडलीस.”

“तिच्यासाठी नाही,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचं त्यांनाच कळलं की यावर कुणी कधीच विश्वास ठेवणार नाही. मुलगा सुट्टीत आला नाही. नातीचा आवाजही त्यांना नवऱ्याच्या फोनवरूनच ऐकू यायचा, पलीकडच्या खोलीतून.

नवी समिती बसली. सगळे बाहेरचे. विषय कळणारे दोघे. अर्ज तेच, उमेदवार तेच. शेवाळबाई येईल की नाही याची बाईंना खात्री नव्हती, पण ती आली. त्या दिवशी बाई कॉलेजकडे फिरकल्याच नाहीत, आवारात असूनही. खिडकीचे पडदे ओढून घरात बसून राहिल्या आणि नवऱ्याने दोनदा केलेला चहा दोनदा गार झाला.

प्राचार्य स्वतः निरोप घेऊन घरी आले. दारातच म्हणाले, “बाई, या वेळी अगदी तुमच्या कागदाप्रमाणे झालं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. तुमच्या… त्यांची मुलाखत उत्तम झाली, सगळ्यांनी वाखाणली. पण त्या मुलाचा तास फार सरस झाला. थोडक्यात फरक पडला. त्यालाच मिळाली.”

“बसा, चहा घ्या,” बाईंचा नवरा म्हणाला. प्राचार्य आयुष्यात पहिल्यांदा चहाला नाही म्हणाले आणि गेले.

दार लावून नवरा म्हणाला, “तेलही गेलं, तूपही गेलं. एवढं करून काय मिळालं?”

मागच्या वेळी बाईंना रागवायला निदान कुणीतरी होतं. आता कुणी नव्हतं. सगळ्यांनी हात धुतले होते, सगळ्यांनी आपापले गुण आधी लिहिले होते, आणि ती दारातून रिकाम्या हाताने गेली होती. बाई न्हाणीघराच्या मागे गेल्या आणि उगीचच उभ्या राहिल्या. भिंत केव्हाच घासून, रंगवून घेतली होती.

अंधार पडता पडता फोन वाजला. शेवाळबाई होती.

“कळलं?” तिने विचारलं.

“कळलं.”

“तो चांगला शिकवतो हो. मी दाराबाहेरून त्याचा तास ऐकला. मुलं बोलत होती, तो ऐकत होता. मला ते जमत नाही, मी भिंतींशी बोलते.” ती थांबली. “वाईट वाटतंय. खूप वाटतंय. पण आज घरी आल्यावर मी जेवले. गेल्या वेळी दोन दिवस जेवले नव्हते.”

“पुढे काय करणार आहेस?”

“जिन्याखालचा बाक आहेच. आणि आणखी एका ठिकाणी जागा निघतेय. त्यांच्या समितीत माझं कुणी नाही, मी विचारून घेतलंय.”

दोघी हसल्या, जराशा.

“आई,” ती म्हणाली, “रविवारी भेटाल? तुमच्या घरी नको. माझ्याकडेही नको, जागा लहान आहे. नदीकाठी त्या जुन्या पंपघराजवळ या. मला तिथून नमुने घ्यायचेत. तुम्हाला भिंग धरायला लागेल.”

“धरीन की.”

फोन ठेवून बाई वळल्या तर नवरा दारात उभा होता. त्याने किती ऐकलं होतं ते कळायला मार्ग नव्हता. तो चष्म्याची दांडी चावत होता.

“मी येऊ?” त्याने विचारलं.

“तिला विचारते,” बाई म्हणाल्या.